रुंद रिमला टायर कोणता?

इंदूरच्या तुकोगंजातल्या हौशी गाडीवाल्याचा पहिला मोठा खर्च बहुधा रिमवर होतो. कारखान्याची सोळा इंची रिम उतरते, सतरा किंवा अठरा इंची चढते. सहा-साडेसहा इंच रुंदीची साडेसात-आठ होते, आणि मग विचारणा सुरू होते की हिच्यावर टायर कोणता घालू. क्रम उलटा आहे, पण तो समजण्यासारखा आहे. रिम दिसते, तिचे फोटो निघतात. टायर मात्र सगळेच काळे आणि गोल.

दुकानदार म्हणतो, जितका रुंद तितकी पकड. गाडीचे मॅन्युअल म्हणते, दिलेले माप सोडू नका. जाणकार मित्र म्हणतो, डोळे मिटून मिशलिन घाल. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण इंदूरचा रस्ता आणि इंदूरचा पाऊस या तिघांपैकी कोणाच्याच हिशोबात नसतो. माझे म्हणणे असे की माळव्यात रुंदीआधी उंची पाहावी. म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत किती रबर उरते, ते आधी मोजावे.

मोजणी अवघड नाही. टायरच्या कडेवर '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' असे लिहिलेले असते. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के उंचीची बाजू (या आकड्यालाच मालिका म्हणतात), आर म्हणजे रेडियल, १६ हा रिमचा इंचांतला व्यास. ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरला ६१५ किलो, आणि 'व्ही' ही २४० किलोमीटर वेगाची मर्यादा. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या आपल्याकडे खूप दिसणाऱ्या चपळ सेदान याच मापावर येतात, म्हणून हेच उदाहरण धरू. या टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर आणि बाजूची उंची ११३ मिलिमीटर.

आता रिम वाढवली की बाहेरचा व्यास जवळपास तोच राहायला हवा. नाहीतर स्पीडोमीटर चुकतो, टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो, एबीएसचाही हिशोब बिघडतो. ढोबळ मर्यादा अधिक-उणे तीन टक्के मानतात. २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४ येतो, फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. २२५/४० आर १८ चा ६३७. २२५/३५ आर १९ चा ६४०. तिन्ही मर्यादेत बसतात, आणि दुकानदार इथेच थांबतो. पण बाजूची उंची पाहा: ११३ ची सतरा इंचावर १०१ होते, अठरावर ९० आणि एकोणिसावर ७९. खड्ड्याचा मार झेलायला तेवढेच रबर आणि तेवढीच हवा उरते.

याच्या उलटही होते. २२५/५० आर १७ हे माप कित्येक आलिशान जर्मन सेदानांवर चालते, त्यामुळे ते दुकानात सहज मिळते, आणि 'हेच बसवा, स्टॉकमध्ये आहे' असा आग्रह होतो. त्याचा व्यास ६५७ आहे. मूळ टायरपेक्षा जवळजवळ चार टक्के जास्त. स्टॉकमध्ये आहे हे ते आपल्या गाडीला बसवण्याचे कारण होऊ शकत नाही.

रिमच्या रुंदीचा नियम वेगळा. प्रत्येक मापाला कंपनी रिमची एक पट्टी ठरवून देते. २२५/४५ आर १७ साठी ती ७ ते साडेआठ इंच आहे आणि टायर मोजतात तो साडेसात इंची रिमवर. २४५/४० आर १८ साठी ८ ते साडेनऊ, मोजणी साडेआठवर. २०५/५५ आर १६ साठी साडेपाच ते साडेसात. रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर साधारण पाच मिलिमीटर रुंद बसतो, म्हणजे २२५ चा टायर साडेआठ इंची रिमवर २३५ च्या आसपास भरेल. त्यात रस्त्याला टेकणारा पट्टा मात्र फारसा वाढत नाही. वाढतो तो बाजूंचा ताठपणा. बाजू सरळ उभ्या राहिल्या की स्टिअरिंग वळवल्यावर गाडी ताबडतोब वळते. रुंद रिमचा खरा फायदा हाच, आणि तो जाम गेटच्या घाटात पहिल्या दोन वळणांतच हाताला कळतो.

याचाच अतिरेक म्हणजे अरुंद टायर ताणून रुंद रिमवर बसवणे. जपानी फॅशन म्हणून ती इथेही आली. टायरची कड रिमच्या आत जाते, रिमचा ओठ बाहेर येतो, आणि फुटपाथला लागले की आधी रिम खरवडते. पट्टीच्या बाहेरच्या रिमवर जोराच्या वळणात टायरची कड जागेवरून सुटण्याचा धोका असतो. तशी गाडी उभी असताना चांगली दिसते, हे मी नाकारत नाही.

रुंद रिम घेताना ऑफसेट, म्हणजे रिमची मधली रेषा आणि तिचा हबला टेकणारा भाग यांच्यातले मिलिमीटरमधले अंतर, विसरला जातो. साडेसहा इंचाची रिम आठ इंचाची केली आणि ऑफसेट तोच, समजा ४५, ठेवला, तर चाक आत आणि बाहेर दोन्हीकडे १९-१९ मिलिमीटर सरकते. ऑफसेट ३५ घेतला तर बाहेर २९ आणि आत फक्त ९. आत फार गेले तर सस्पेन्शनला घासते. बाहेर फार आले तर फेंडरला लागते, बेअरिंगवर जादा भार येतो आणि खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंग हातातून ओढले जाते. हे गणित टायरच्या आधी व्हायला हवे. आठ इंची रिमवर कागदोपत्री २३५ छान बसतो, पण फेंडरखाली त्याला जागा नसेल तर काय उपयोग?

आता पकडीकडे येऊ. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकते, ही समजूत अर्धीच खरी. एका चाकावर ३५० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा धरली, तर टेकलेल्या रबराचे क्षेत्रफळ ढोबळपणे १५५ चौरस सेंटीमीटर येते, मग टायर २०५ चा असो की २२५ चा. बाजूच्या ताठपणाने थोडा फरक पडतो, पण मुख्यतः बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि तोकडा होतो, अरुंद टायरचा लांबट. आडवा ठसा वळणात कमी घसरतो आणि उष्णता जास्त रुंदीवर पसरवतो, म्हणून कोरड्या रस्त्यावर रुंद टायर खरोखर सरस ठरतो. पण साचलेल्या पाण्यात लांबट ठशाला पाणी बाजूला सारायला जास्त वेळ मिळतो आणि आडव्याला कमी.

टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो, त्या वेगासाठी नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवरून एक ठोकताळा काढला होता. पीएसआयमधल्या हवेचे वर्गमूळ घ्यायचे आणि १०.३५ ने गुणायचे, म्हणजे मैलांत वेग मिळतो. ३२ पीएसआयला तो सुमारे ९४ किलोमीटर येतो. कारच्या टायरला तो तंतोतंत लागू नाही, कारण त्यात रुंदी आणि खाचांची खोली धरलेली नाही. टायर रुंद आणि झिजलेला असेल तर प्रत्यक्ष आकडा खाली येतो. शिवाय हवा कमी ठेवली की तोही वेग कमी होतो. 'पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा, पकड येते' हा पेट्रोल पंपावर मिळणारा सल्ला त्यामुळे नेमका उलटा आहे.

माळव्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि तो काळ्या मातीवर येतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावरचा डांबरी थर दरवर्षी या फुगण्या-आकसण्यात सापडतो, तडे जातात, तड्यांत पाणी शिरते, आणि ऑगस्टपर्यंत खड्डे तयार असतात. खड्डा पाण्याने भरलेला असेल तर तो दिसतही नाही. चाळीसच्या आतल्या मालिकेचा टायर अशा खड्ड्यात गेला की खड्ड्याची धार आणि रिम यांच्यात बाजू चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी कडेला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. रिमही वाकते. रस्त्यावरचे कारागीर ओतीव अलॉय तापवून, ठोकून सरळ करून देतात, पण तशी रिम पुन्हा वेगात वापरू नये. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही.

इंदूरला वेगवान गाड्यांचे वेड नवे नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चासीवर इंग्लंडच्या गर्नी नटिंगने बांधलेली केशरी-काळी स्पीडस्टर जगभरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ठाऊक आहे. त्या काळचे टायर क्रॉसप्लाय असत, उंच बाजूंचे आणि आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके घातलेले. वळणात ते अख्खे पिळवटत, पण खड्डा सहज गिळत. मिशलिनने १९४६ मध्ये रेडियलचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये 'एक्स' टायर बाजारात आणला. दोरे आडवे आणि वर पोलादी पट्टा, त्यामुळे बाजू लवचिक राहून पट्टा सपाट राहू लागला. बाजू बुटकी करणे त्यातूनच शक्य झाले. १९७० च्या दशकात पिरेलीचा 'पी ७' पोर्शे ९११ टर्बोवर आला, पुढे २०५/५० आणि मागे २२५/५०, तेही पंधरा इंची रिमवर. त्या वेळी पन्नासची मालिका म्हणजे टोक होते. आज तीच मालिका शांत कौटुंबिक सेदानवर असते. रस्ते मात्र त्या वेगाने सपाट झाले नाहीत.

माप ठरले की रबर निवडायचे. परफॉर्मन्स टायर म्हणून जे विकले जाते त्यात बरेच प्रकार एकत्र कोंबलेले असतात. टायरच्या कडेवर 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा असतो तो उपयोगी पडतो, जपून वापरला तर. ही अमेरिकी पद्धत. टेक्सासच्या रस्त्यांवर ७,२०० मैल चालवून, १०० मानलेल्या प्रमाण टायरशी तुलना करून आकडा काढतात, पण तो जाहीर करते कंपनी स्वतःच. त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्याचा ३०० यांची तुलना फोल आहे. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र ती चालते.

२०० च्या आसपासचे टायर म्हणजे योकोहामाचा 'अॅडव्हान ए०५२' किंवा ब्रिजस्टोनचा 'पोटेंझा आरई-७१आरएस' हे ट्रॅकसाठीच बनलेले आणि रस्त्यावर जेमतेम कायदेशीर असे समजावेत. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर वर्षातून दोनदा जाणाऱ्याने ते वेगळ्या रिमवर ठेवावेत. खाचा उथळ, आवाज फार, आणि साचलेल्या पाण्यात भरवसा नाही. तुकोगंजातल्या गाडीवर रोजच्यासाठी ते घालणे मला शुद्ध वेडेपणा वाटतो.

आपला खरा बाजार ३०० च्या पुढे सुरू होतो. मिशलिनचे 'पायलट स्पोर्ट ४' आणि '५', गुडइयरचा 'ईगल एफ १ असिमेट्रिक', ब्रिजस्टोनचे 'पोटेंझा', योकोहामाचे 'अॅडव्हान' घराणे, काँटिनेंटलचा 'मॅक्सकाँटॅक्ट एमसी ६'. अपोलोने २००९ मध्ये विकत घेतलेला डच ब्रँड व्रेडेस्टाइन २०२१ मध्ये भारतात आला, आणि त्याच्या 'अल्ट्राक व्होर्टी'ने आयात टायरला इथेच बनणारा एक गंभीर पर्याय दिला. या सगळ्यांत मिशलिनची ओल्या रस्त्यावरची पकड आणि झीज यांचा तोल मला सर्वांत चांगला वाटतो. पैशाच्या मानाने व्रेडेस्टाइन आणि काँटिनेंटल. काँटिनेंटल थोडा मऊ आहे, स्टिअरिंगला तितका तीक्ष्ण नाही, पण खडबडीत रस्त्यावर तोच मऊपणा सोयीचा पडतो.

युरोपी उन्हाळी टायर आपल्याकडे चालतील का, अशी शंका काही जण काढतात. हे टायर सुमारे ७ अंशांखाली कडक होतात. इंदूरचा पारा डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे तेवढा उतरतो, एरवी वर्षभर त्यांना मानवेल असेच हवामान आहे. उलट मे महिन्यातला डांबरी रस्ता हीच कसोटी. हवा दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआयने वाढते, म्हणून दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावा. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढली की रात्री तो कमी हवेवर धावतो. नायट्रोजनचे जादा पैसे द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

भारांकाकडे दुर्लक्ष करणारे दुकानदार बरेच भेटतात. २२५/४५ आर १७ चा साधा टायर ९१ चा मिळतो आणि जास्त भाराचा, एक्सएल लिहिलेला, ९४ चा, म्हणजे ६७० किलोचा. खड्ड्यांच्या शहरात एक्सएल घ्यावा, त्याचा सांगाडा जास्त भक्कम असतो. पण तोच भार पेलायला त्याला दोन-तीन पीएसआय हवा जास्त लागते. दारावरच्या स्टिकरवरचा जुना दाब तसाच ठेवला तर एक्सएलचा पैसा वाया गेला.

टायर आणि त्याची तपासणी या दोन्ही गोष्टी इंदूरकरांच्या अंगणात आहेत, हे फार कमी जणांना माहीत असते. ब्रिजस्टोनचा भारतातला पहिला कारखाना पीथमपूरजवळ खेडा येथे आहे, तिथे १९९८ पासून टायर बनतात. त्याच पट्ट्यात नॅट्रॅक्स हे वाहनांच्या तपासणीचे केंद्र आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचे उद्घाटन प्रकाश जावडेकर यांनी केंद्रीय मंत्री असताना २९ जून २०२१ रोजी केले. १६ मीटर रुंद, वळणांवर ३७५ किलोमीटर वेगापर्यंतची रचना, आणि आशियातला सर्वांत लांब असा सरकारी दावा. तिथली कामगिरी ऐकून टायर निवडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की त्या ट्रॅकवर ना खड्डे आहेत, ना सेंधव्याजवळच्या बिजासन घाटातला डिझेल सांडलेला उतार.

मिळण्याचा प्रश्न मोठा आहे आणि तो रिम घेण्याआधीच सोडवायला हवा. १२ जून २०२० रोजी केंद्राने नव्या टायरांची आयात 'निर्बंधित' यादीत टाकली. तेव्हापासून परवान्याशिवाय टायर आणता येत नाही, आणि विरळ मापांची टंचाई झाली. १९ इंची रिमवरचा एक टायर खड्ड्यात गेला तर त्याच मॉडेलचा जोडीदार वेळेवर मिळेल याची खात्री नाही. मग एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा असा संसार होतो. निदान तीन कंपन्या जे माप इथे विकतात तेच घ्यावे. विकत घेताना आयएसआय चिन्ह आणि चार आकडी तारीख पाहावी: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. 'कंटेनरमधून आलाय' असे सांगून कोणी तीन वर्षांचा जुना माल नव्याच्या भावात देत असेल तर दुकान बदलावे.

खऱ्या स्पोर्ट्स कारचा, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या दोन आसनी गाडीचा, हिशोब थोडा निराळा. पोर्शे ७१८ च्या साध्या आवृत्तीला पुढे आठ इंची रिमवर २३५/४५ आणि मागे साडेनऊ इंचीवर २६५/४५ येतात, दोन्ही अठरा इंची. मागचे रुंद टायर गाडीला शेपूट फिरवू देत नाहीत. इथे पुढे-मागे टायर फिरवून झीज सारखी करता येत नाही. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन शून्य, एन एक अशी खूण असते, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा, मर्सिडीजच्या 'एमओ', ऑडीच्या 'एओ'. खूण नसलेला टायर वाईट असतो असे नाही, पण चारही एकाच खुणेचे असावेत. याच गाडीला वीस इंची रिम पर्याय म्हणून मिळते, आणि इंदुरात ती घेऊ नये.

कायद्याच्या बाजूने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांचा रोख स्पष्ट आहे: कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल करू नका. त्यात सुरक्षित वाट म्हणजे आपल्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनी जे माप देते ते घेणे. त्यापलीकडे गेलात तर विमा कंपनीला लेखी कळवावे, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होत नाही. खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण रुंद टायर ३ मिलिमीटरवर आला की पावसाळ्यासाठी तो संपला असे धरावे. मे अखेरीस खोली मोजून घ्या.

सोळा इंची सेदानवाल्याने सतरा इंचावर, साडेसात इंची रिमवर, २२५/४५ एक्सएल घ्यावा आणि तिथेच थांबावे. अठरा इंच ज्यांची गाडी कारखान्यातून तशी आली त्यांनीच चालवावे. एकोणीस इंची रिम कोणी भेट दिली तरी बसवू नये.